कारण नसलेला नकार

हेमंतातली केशरभिजली सकाळ. नदीवरचं धुकं मंद, मंदतर होत विरत होतं. काठावरच्या बांबूंवर सारजाने वाळत घातलेलं सूत निथळत होतं; मंजिष्ठेचं तांबडं, निळीचं निळं, डाळिंबसालीचं पिवळं.

तीन वर्षांपूर्वी भरल्या मांडवात, अंतरपाटाआड उभ्या असलेल्या सारजाने हातातला हार खाली ठेवला होता. "नाही," एवढंच ती म्हणाली होती. मंगलाष्टकं अर्ध्यावर थिजली, अक्षता मुठीमुठींत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी विणकरांच्या पंचांनी तिला देवळासमोर उभं केलं. माथ्यावर मध्यान्ह, पायांखाली तप्त पाषाण, भोवती शेकडो निर्निमेष डोळे.

"दुसरा कोणी आहे?"

कोणी नव्हता.

"मुलात खोट होती?"

नव्हती.

"मग का?"

सारजाला ठाऊक नव्हतं. कारण असतं, तर गावाने कदाचित क्षमा केली असती. अकारण नकाराला क्षमा नव्हती. तिच्या कपाळाला राख फासली गेली, ती वाळीत पडली. तिच्याशी जो बोलेल, तोही वाळीत. तिची आई तुळसाबाई पदराआड मुकी झाली.

पंचांचा हुकूम नदीपार चालत नव्हता; तिथल्या सोनुआत्याने तिला थारा दिला, सूत रंगवायला शिकवलं. सारजाचे हात शिकले. मन मात्र संभ्रमाच्या भोवऱ्यात गरगरत राहिलं. लाज होती, पण कशाची? अभिमान होता, पण कशाचा? कधी वाटे, आपण एक घर मोडलं. कधी वाटे, आपण एक माणूस वाचवलं. एवढं मात्र झालं, की हळूहळू तिची मान वर राहू लागली. केव्हापासून, ते तिलाही कळलं नाही.

आणि आज पंचांचा निरोप आला होता: 'चुकले' म्हण, बहिष्कार उठवतो.

ती गेली. तोच पाषाण, तेच डोळे. स्त्रियांच्या घोळक्यात आई. केवढी वाळलेली, केवढी पांढुरकी! एक शब्द, आणि त्या कुशीत शिरता आलं असतं. तो शब्द ओठांपर्यंत आला. तिथेच थबकला.

"का नाही म्हणाले, ते मला अजून उमगलेलं नाही," सारजा सावकाश म्हणाली. "पण चुकले, असं वाटत नाही. खोटं कसं बोलू?"

वारा पडला. दौलतअण्णा पंच उठू लागले.

तेवढ्यात घोळका दुभंगला. तुळसाबाई लेकीपुढे येऊन उभी राहिली.

"जेवलीस का गं?"

"तुळसाबाई!" दौलतअण्णा गरजले. "तुम्हीही वाळीत पडाल."

तिने मागे पाहिलं नाही. "सकाळपासून काही खाल्लंस का?"

सारजाला आठवेना. हसू येत होतं की रडू, तेही कळेना. तिने नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, कोण जाणे.

दोघी नदीकडे निघाल्या. मागे गाव. पुढे उन्हात डुलणारं, कणसाकणसांनी लवलेलं ज्वारीचं रान. रानातून पाऊलभर रुंदीची वाट. एकावेळी एकीनेच चालावं अशी. आई पुढे, लेक मागे. मग लेक पुढे, आई मागे.