पाडव्याला आलो, दसऱ्याला राहिलो

मी एक जुना गेम कन्सोल आहे, मित्रांनो, आणि ‘पडेल’ हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही.

माझ्या कंपनीला भारी घाई. स्पर्धक त्याच महिन्यात बाजारात उतरणार होता, म्हणून खेळ तयार व्हायच्या आधीच मला खोक्यात भरलं. तो आला फुटबॉल, मोटारी, लढाया असा लवाजमा घेऊन. माझ्याबरोबर एकच खेळ होता, होडीचा. दोघांनी एकेक वल्हं मारायचं. ताल जमला तर होडी पुढे जाते, नाहीतर जागच्या जागी गोल फिरते. जाणकारांनी पहिल्याच आठवड्यात माझं तेरावं उरकून टाकलं.

अंधेरीच्या दुकानदाराने चंद्रप्रकाश सावंतांना परोपरीने सांगितलं, “काका, दिवाळीपर्यंत थांबा ना. याचे खेळ येऊ देत, मग बघा.”

पण त्या दिवशी गुढीपाडवा होता. “मुहूर्त काय दिवाळीपर्यंत थांबतो?” असं म्हणून त्यांनी मला कांदिवलीच्या घरी आणलं. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या त्यांच्या मुलाने, सुशांतने, खोकं उघडलं आणि त्याचं तोंडच उतरलं.

“पप्पा, वाट लागली यार! सगळ्या मित्रांकडे तो दुसरा आहे. मी काय होडी वल्हवत बसू?”

मी कपाटावर जाऊन पडलो. खप नाही म्हणून नवे खेळ आले नाहीत, आणि नवे खेळ नाहीत म्हणून खप झाला नाही. मला फार राग आला. घाई कुणाची आणि शिक्षा कुणाला!

सुशांत त्या काळात घरात फक्त “हूं” म्हणायचा. एका रविवारी त्याच्या आईने, सुगंधाने, मला कपाटावरून खाली काढलं. “चल, मी बसते. दाखव कसं वल्हवायचं.”

पाच मिनिटांत होडी खडकावर आपटली.

“आई, डावीकडे! अगं डावीकडे गं!”

“ओरडू नको रे. मालवणच्या पोरीला वल्हं शिकवतोस?”

दोघंही पोट धरून हसली. मग ती ऑफिसातून आली की कुकर लावण्याआधी रोज एक फेरी ठरलेली. वल्हवता वल्हवता तो कॉलेजातलं बोलायचा, नवीन मित्रांचं बोलायचा, कधी भीती वाटते तेही बोलायचा. मी कान देऊन ऐकायचो.

आणि दुकानाने जाहिरात दिली: जुना द्या, नवा घ्या, दसऱ्यापर्यंतच. “वा, आयता मुहूर्त!” चंद्रप्रकाश म्हणाले. आता मित्रांकडचा तो दुसरा मिळणार म्हणून सुशांतने मला पिशवीत भरलं.

दसऱ्याच्या सकाळी तिने घरातली अवजारं पूजेला मांडली. मिक्सर, शिवणयंत्र, ड्रिल. मग पिशवीतून मला काढून मधोमध ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. चंद्रप्रकाश स्कूटरची किल्ली घेऊन आले आणि पाहतच राहिले.

“अगं, हा आज द्यायचाय ना?”

“पूजेला बसलेल्याला आज हलवायचं नसतं. मुहूर्त तुमचे, पूजा माझी.”

मुहूर्ताचा माणूस मुहूर्तातच अडकला. त्यांनी किल्ली खिळ्याला लावली.

“आई, तू मुद्दाम केलंस ना?” सुशांत चिडून म्हणाला.

“हो. तो नवा आला की तू कानाला हेडफोन लावणार. मग मी एकटीने काय गोल गोल फिरू?”

सुशांतने रिकामी पिशवी घडी करून ठेवली.

“उद्या संध्याकाळी बसू,” तो म्हणाला. “पण डावीकडे म्हटलं की डावीकडे मारायचं.”

मित्रांनो, पहिल्या दिवशीचे खेळ महत्त्वाचे असतात का? असतात, खोटं कशाला बोलू. त्यांच्यावाचून मी बाजारात आपटलो. पण दुकानासमोरच्या रांगेने माझी किंमत ठरवू नका. माझ्याकडे एकच खेळ होता, म्हणून ती दोघं एका होडीत बसली. तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, त्याला खाली काढा, फडकं मारा. माझ्यावरचीही धूळ खुशाल पुसा. कुंकू तेवढं राहू द्या.