मल्लम्माची शेवटची तालीम

मी एक जुनी ट्रॉली आहे. ट्रॅक्टरमागं ऊस भरून धावते ती नव्हे; दवाखान्यात आजारी माणसाला निजवून नेतात, ती. लोखंडी नळ्यांचं अंग, वर काळं रेक्झिन, दोन बाजूंना कठडे आणि खाली चाकं, एवढाच माझा देह. मित्रांनो, माझा रंग आता जागोजाग उडाला आहे, पण मला आठवतं तेवढं या दवाखान्यात कुणालाच आठवत नाही.

लातूरच्या एका वेल्डिंगच्या शेडात पाशामियाँ नावाच्या कारागिरानं मला घडवलं. माझे कठडे ते इतका वेळ घासत बसले, की शेजारचा दुकानदार म्हणाला, "पाशाभाई, यावर काय नवरी बसवायची हाय का?" पाशामियाँ वर न बघता म्हणाले, "नवरी धडधाकट असती. यावर जो निजंल त्याला ओरखडाबी सोसायचा न्हाई."

तिथून मी नांदेडच्या रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात आले. त्याच वर्षी किल्लारीकडं भूकंप झाला. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. पुढं माझ्यावर बाळंतिणी आल्या, साप चावलेले आले, लिंबाच्या झाडावरून पडलेले आले. बोलता येत नसलं तरी मला वजन कळतं. झोपलेल्या माणसाचं वजन वेगळं, घाबरलेल्याचं वेगळं. एका बाईचा मुलगा वाचला, तेव्हा तिनं जाताना माझ्या कठड्याला हळदकुंकू लावलं होतं. ते पुसायला कुणाचा हात धजला नाही.

मग खालीवर होणाऱ्या नव्या ट्रॉल्या आल्या. मला मागच्या व्हरांड्यात ढकललं, अंगावर सलाईनची खोकी रचली. कबुतरं बसू लागली. माझं पुढचं एक चाक तेव्हापासून जे आखडलं, ते अजून नीट सुटलेलं नाही.

त्या अडगळीतून मला बाहेर काढून एका खोलीत आणलं ते तालमीसाठी. लातूरहून मेंदूच्या डॉक्टर मंजुश्री मॅडम महिन्यातून एकदा येऊ लागल्या. लकवा, फिट, डोक्याचा मार, असं काही अचानक समोर आलं, तर नर्स आणि ब्रदर लोकांनी काय करायचं, हे त्या शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "लकव्यात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. तुम्ही इथं वेळ घालवला, तर लातूरला पोचलेल्या पेशंटचं मी काय करू?"

तालमीला रोगी लागतो. तो व्हायची मल्लम्मा. ती दवाखान्यातली आया, देगलूरकडची, बोलण्यात तेलुगू मिसळलेली. प्रत्येकाला 'बिड्डा' म्हणायची, म्हणजे लेकरा. फिटचं सोंग करायची तेव्हा माझे कठडे खडखड वाजायचे. अमरेश ब्रदर नातेवाईक होऊन तिला चप्पल हुंगवायला धावायचा, आणि ती डोळे मिटूनच म्हणायची, "ती तुझ्या सासऱ्याला हुंगव बिड्डा." लकव्याचं सोंग करताना ती गालात पाणी धरून एका कोपऱ्यातून लाळ गाळायची. मॅडमसुद्धा तोंडावर पदर धरून हसायच्या.

मित्रांनो, त्या तालमीत एक शब्द फार चालायचा. समजा. "बीपी घेतला असं समजा." "शुगर बघितली असं समजा." "पेशंटला गाडीत ठेवलं असं समजा." सगळ्यांना घाई असायची, वॉर्डात खरे रोगी वाट बघत असायचे. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. फक्त गौसिया सिस्टर एकदा तो शब्द बोलली, तेव्हा मॅडमनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

गेल्या वर्षीची गोष्ट. तालमीचा दिवस होता. मल्लम्मा नेहमीसारखी चादर अंथरून माझ्यावर चढली, कठडा वर ओढला, अमरेशला म्हणाली, "आज नीट धर रे, मागच्या टायमाला मला पोत्यासारखं टाकलास." मग मॅडम फळ्यावर मेंदूचं चित्र काढून बोलू लागल्या आणि सगळ्यांची पाठ आमच्याकडं झाली.

तेवढ्यात माझ्या अंगावरचं वजन बदललं.

आधी तिचा उजवा पाय सैल पडला. मग उजवा हात घसरून कठड्याच्या फटीतून खाली लोंबू लागला. सोंगातला हात असा लोंबत नाही. सोंग करणारं माणूस हात टाकतं, तरी खांद्यात तो जरासा धरून ठेवतं. हा हात कुणी धरलेलाच नव्हता. शिवाय मल्लम्मा नेहमी डावी बाजू लुळी करायची.

मी लोखंडाची. मी काय करणार?

तिनं डाव्या हातानं माझा कठडा घट्ट धरला आणि बांगड्या आपटल्या. मॅडम वळल्या. मल्लम्माचं तोंड वाकडं झालेलं, कोपऱ्यातून लाळ गळत होती. मॅडम म्हणाल्या, "बघा, आमची मल्लम्मा तयारीला लागली. चेहरा बघा, हुबेहूब. चला, कोण करणार?"

मल्लम्मा "अ... अ..." करू लागली. तालीम थांबवायची असली, की तिनं 'पुरे' म्हणायचं, असं ठरलेलं होतं. तो शब्द तिच्या तोंडातून निघेना. अमरेश हसून म्हणाला, "मावशी, आज लई भारी करून राहिल्या. नाटक कंपनीत जावा." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या मुठीतला घाम माझ्या नळीवर पसरला. ती अजून जोरात बांगड्या आपटू लागली, आणि टाळ्याही वाढल्या.

गौसिया पुढं आली. अमरेशनं नेहमीप्रमाणं म्हटलं, "बीपी, शुगर झाली असं समजा, पुढं चल."

"न्हाई," ती म्हणाली. "मी घेणार."

"गौसियाताई, जेवायची सुट्टी जाईल."

"जाऊ दे."

तिनं पट्टा बांधला. बीपी भलताच वर आला. "मशीन जुनं हाय," कुणीतरी मागून म्हणालं. मग तिनं शुगर बघायची सुई काढली आणि मल्लम्माच्या लोंबत्या उजव्या हाताचं बोट धरून खरोखर टोचली. सगळे 'आता ऐका' म्हणून कान देऊन उभे. कारण मागं एकदा अमरेशच्या हातून चुकून सुई लागली होती, तेव्हा मल्लम्मानं त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

बोट हललंसुद्धा नाही.

गौसिया तशीच बोट धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मावशीनं शिवी न्हाई दिली."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. खडू खाली टाकून त्या आल्या, मल्लम्माचे दोन्ही हात वर उचलून सोडले. डावा वर राहिला. उजवा धपकन माझ्या रेक्झिनवर पडला.

"हे खरं आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "शुगर किती?"

"ठीक हाय मॅडम. कमी न्हाई."

"गाडी बोलवा. लातूरला फोन लावा, स्कॅनची खोली मोकळी ठेवायला सांगा. पाणी देऊ नका कुणी. ही शेवटची नीट कधी बोलली?"

अमरेशचा चेहरा उतरला होता. "समजा, अर्ध्या तासा..."

"समजा नको. इंजेक्शन द्यायचं का नाही, ते यावर ठरणार आहे."

त्यानं डोळे मिटले. "समोरच्या शाळेत जनगणमन चालू झालं. मावशी माझ्याशी बोलता बोलता सरळ उभी राहिली, मलाबी उभं केलं. ते संपलं तशी ट्रॉलीवर चढली आन मला पोत्याचं बोलली." शाळेची वेळ सगळ्यांना ठाऊक होती. मॅडमनी मान हलवली.

"ढकला."

आणि मित्रांनो, मी दारात अडकले. त्या खोलीचं दार दोन फळ्यांचं. एक फळी कधीपासून बंद, कडीवर रंगाचे थर बसलेले. मला आत आणलं होतं ते रिकामी, आडवी करून. त्यानंतर इतक्या तालमी झाल्या, पण मला या दारातून बाहेर कुणीच ढकललं नव्हतं. प्रत्येक वेळी रोगी गाडीत पोचल्याचं समजून घेतलं होतं. अमरेशनं कडीवर लाथा घातल्या. कडी हलेना. माझं आखडलेलं चाकही उंबऱ्याला अडून बसलं. माझ्यावर मल्लम्मा आणि मीच तिच्या वाटेत आडवी. एवढ्या वर्षांत अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

"ट्रॉली मागं घ्या, चादरीसकट उचला," गौसिया म्हणाली. चौघांनी चारी टोकं धरली, मॅडमनी डोकं सांभाळलं, आणि मल्लम्माला अर्ध्या दारातून तिरकं करत बाहेर काढलं. ती कठडा सोडेना. गौसियानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मग गाडीचा भोंगा ऐकू आला, लांब गेला. मी दाराशी तशीच उभी राहिले. संध्याकाळपर्यंत मला हलवायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमरेश तेलाची बुधली घेऊन आला. चाकाशी उकिडवा बसून स्वतःशीच म्हणाला, "इंजेक्शन मिळालं म्हणे. टायमात गेली." मग बराच वेळ तो नुसताच चाक फिरवत बसला.

मल्लम्मा दोन महिन्यांनी आली. उजवा पाय थोडा ओढत, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. कपबशी तिला अजून डाव्या हातानंच धरावी लागत होती. मॅडम त्या दिवशी इथंच होत्या. त्या तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचा जीव जात होता आणि मी तुमचं कौतुक करत होते."

मल्लम्मानं शब्द शोधले. एकेक उचलून आणावा तसे आले. "मग... सोंग... बरं जमलं... का बिड्डा?"



आता तालमीत मल्लम्मा निजत नाही. आळीपाळीनं सगळे निजतात, मॅडमसुद्धा. त्या दाराच्या दोन्ही फळ्या काढून टाकल्या आहेत. तालीम सुरू झाली, की मला खोलीतून, वॉर्डातून, उतारावरून थेट गाडीपर्यंत ढकलत नेतात. वाटेतले नातेवाईक घाबरून भिंतीला चिकटतात. मला धाप लागते, पण मी कुरकुरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, बोलणं जड झालं, तर 'झोपलं की बरं वाटेल' असं म्हणू नका. त्या माणसाला तेव्हाच दवाखान्यात न्या. आणि तुमच्या शाळेतही आगीची, भूकंपाची तालीम होत असेलच. तेव्हा बाकाखाली खरोखर शिरा, मैदानापर्यंत खरोखर पळा. वाटेत एखादं दार वर्षानुवर्षं बंद दिसलं, तर थांबा आणि मोठ्या माणसांकडून ते उघडून घ्या.

अन् जाता येता कुठं माझ्यासारखी एखादी म्हातारी ट्रॉली दिसली, तर तिच्या चाकाला थोडं तेल घाला.