चार थेंब निंबाचे

उखर्डू आबांनी भिंग काचेला टेकवलं आणि श्वास रोखून धरला. टाकीच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे वळवळत होते. बारापर्यंत मोजून त्यांनी नाद सोडला.

"आली कीड," ते स्वतःशीच म्हणाले. "अठीबी आली, काचेतबी."

टाकी नातीची, भूमिकाची. आत तीसेक तांबड्या कोळंब्या, एकेक करंगळीच्या नखापेक्षा जराशी मोठी. जूनमध्ये भूमिका फार्मसी शिकायला धुळ्याला, देवपुरात राहायला गेली आणि जाताना टाकी आबांच्या हवाली करून गेली. "रोज सकाळी चिमूटभर खाणं, आबा. विसरायचं नाही हां. तुमच्याशिवाय कोणावर भरवसा नाही माझा." गुडघ्यांनी दगा दिल्यावर रावेरकडची केळी पुतण्यावर सोपवून आबा पिंप्राळ्यात मुलाकडे आले होते, आणि आल्यापासून त्यांच्यावर कोणी कसलाच भरवसा टाकला नव्हता. साधं दळणसुद्धा सूनबाई स्कूटरवर घेऊन जायची. त्यामुळे टाकी मिळाली तेव्हा आबांची छाती जी दोन बोटं फुगली, ती अजून उतरली नव्हती.

चिमूट मात्र त्यांची शेतकऱ्याची. पाहुण्याला आणि मुक्या जिवाला हात आखडून वाढायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. खाणं उरून तळाशी साचलं की आबा खूश व्हायचे. उरलं, म्हणजे पोटं भरली.

आणि आता हे धागे. एका वर्षी उभी केळ घडासकट आडवी व्हायला लागली, तेव्हा कृषी सहायकाने मुळीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना दाखवला होता. अगदी असेच धागे. सूत्रकृमी म्हणतात, तो म्हणाला. नाव कळेपर्यंत अर्धा मळा झोपला होता. तेव्हापासून आबांचा नेमच झाला होता, कीड दिसली की वाट पाहत बसायचं नाही.

बाल्कनीतल्या गुलाबासाठी आणलेली निंबोळी अर्काची बाटली होती. दुसरं कुठलं औषध असतं, तर आबांनी हात लावला नसता, एवढं त्यांनाही कळत होतं. पण निंब! निंबाच्या पाल्यात बाळंतिणीला न्हाऊ घालतात, निंबाच्या काडीने जग दात घासतं. त्यांनी चारच थेंब टोपणात मोजले, तांब्याभर पाण्यात कालवले आणि हळूच टाकीत सोडले.

थोड्या वेळाने कोळंब्या तडातड उड्या मारू लागल्या. आबांना वाटलं, तरतरी आली. अर्ध्या तासाने एक कुशीवर पडली, मग तिच्याजवळ दुसरी.

मग आबांची जी धावपळ झाली, ती बघवली नसती. टाकीत घालायचं पाणी दोन दिवस आधी भरून ठेवावं लागतं. बादलीत ते अर्धंच होतं, तेवढं सगळं त्यांनी ओतलं. चहाच्या गाळणीने पाच-सहा कोळंब्या उचलून वाटीतल्या स्वच्छ पाण्यात सोडल्या. वाटीतही त्या पाय हलवून हलवून थांबल्या. मुलगा-सून कामावर, त्यांना यायला सहा वाजणार. केळीचं झाड कललं तर बांबूचा टेकू देता येतो. यांना काय द्यायचं? गाळणी हातात धरून आबा नुसते उभे राहिले. दुपार झाली तेव्हा टाकीत एकही कोळंबी हलत नव्हती.

तीनच्या सुमाराला भूमिकाचा व्हिडिओ कॉल आला.

"आबा, जेवलात?"

"जेवलो." ते जेवले नव्हते.

"माझी लेकरं दाखवा ना जरा."

आबांनी फोन छातीशी धरला. खोटं रेटायची सवय नव्हती आणि आता शिकायचं वय नव्हतं. त्यांनी फोन टाकीकडे फिरवला.

भूमिकाने चेहरा स्क्रीनजवळ आणला.

"माह्याच हातानं झालं, माय," आबा म्हणाले. "पांढरी कीड दिसली. मले वाटलं, केयीवानी हे बी सारं खाऊन टाकील. निंबाचे चार थेंब टाकले."

"आबा, ते किडे काहीच करत नाहीत हो," भूमिका कशीबशी म्हणाली. "उरलेलं खाणं खातात, बस. खाणं कमी केलं की आपोआप कमी होतात."

"मले काय मालूम..."

"तुम्हाला कसं माहीत असणार? चूक माझीच आहे." तिने नाक ओढलं. "कोळंब्यांना रोज खायला लागतच नाही, आबा. टाकीतलं शेवाळ खाऊन राहतात त्या. पप्पांनी आठवड्यातून एकदा घातलं असतं तरी चाललं असतं. पण गावाहून आल्यापासून तुम्ही दिवसभर नुसते खिडकीत बसून असायचात, म्हणून मी..."

तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली.

कोळंब्यांचं दुःख आबांना होतंच. ते जरासं बाजूला सरकलं आणि त्याच्याशेजारी दुसरं येऊन बसलं.

"आबा? रागावलात?"

"नही, माय."

तळाचे पांढरे धागे मघासारखेच वळवळत होते. निंबाने त्यांचं काही वाकडं झालं नव्हतं.

"हे जित्ते हायेत अजून," ते म्हणाले. "याहीले सकायी किती घालू?"

"काही घालायचं नाही, आबा. ते राहतात आपले आपण."