नोविनिलेला मिळालेला लाल ब्लाउज

मित्रांनो, माझा लाल रंग आता विटका झाला आहे, कोपरांना ठिगळं आहेत आणि एक बटण इतरांच्या जोडीतलं नाही. तरी मला जुना ब्लाउज म्हणून नाक मुरडू नका. मी साडीवर घालायचा तसला नाही. लांब बाह्यांचा, पांढऱ्या कॉलरचा, काळ्या स्कर्टवर घालायचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आम्हा खोसा लोकांच्या डोंगराळ गावात चर्चच्या प्रार्थना-मंडळातल्या बायका दर गुरुवारी असा ब्लाउज घालतात. एकदा तो अंगावर आला की जन्मभराचा. बाई गेली तरी त्यातच पुरतात. ज्या बाईकडून तो काढून घेतला जातो, ती साध्या कपड्यात मातीत जाते, आणि त्यासारखी दुसरी नामुष्की नाही.

मी शिवला गेलो बुकेल्वासाठी. तेव्हा तिने देवासमोर शपथ घेतली, की दारू प्यायची नाही आणि गाळायचीही नाही. सुरुवातीची वर्षं माझी फार लाडाची गेली. कोळशाच्या इस्त्रीने ती माझी कॉलर अशी कडक करायची, की मंडळाची प्रमुख लुलामा इतरांना म्हणायची, "बघा, बघा! नाहीतर तुमच्या कॉलरी, वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या!" बुकेल्वा लाजायची. मी मात्र फुगायचो.

मग तिचा थोरला मुलगा डोंगरावर दीक्षेला गेला. तिथून पोरगा पुरुष होऊन परततो, तेव्हा घरात ज्वारीची बिअर लागतेच. सासूने फर्मान सोडलं, "मंडळ गेलं खड्ड्यात. नातू घरी येणार आणि आम्ही पाहुण्यांना चहा पाजायचा? बिअर सुनेच्याच हातची हवी." बुकेल्वा मधल्यामध्ये सापडली. शेजारची विधवा नोविनिले, मंडळातलीच, मुलीकडे शहरात गेली होती आणि तिच्या झोपडीची किल्ली बुकेल्वाकडे होती. बुकेल्वाने मला खुंटीला टांगलं, जुना झगा अंगात चढवून बिअर बनवली, आणि पिंप नोविनिलेच्या मागच्या खोलीत आपल्या निळ्या चादरीखाली झाकून ठेवलं. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, असं ती स्वतःला बजावत होती.

पण नोविनिले लवकर परतली, आणि नेमकी गुरुवारी. प्रार्थना संपल्यावर सगळ्या बायका तिला भेटायला गेल्या. बुकेल्वाने पाऊस येईल, उद्या जाऊ, असं बरंच सांगून पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. नोविनिलेच्या दारात लुलामाने नाक वर केलं.

"हा कसला वास गं?"

"बाई, मी आत्ताच तर आले. उंदीर मेला असेल," नोविनिले म्हणाली आणि तिने स्वतःच मागची खोली उघडली. चादर उचलली. पिंपावर फेस आला होता.

मित्रांनो, त्या क्षणी मी बुकेल्वाच्या अंगावर होतो. तिचं काळीज माझ्या बटणांवर धडका देत होतं. नोविनिलेने चादर ओळखली. तिने हळूच वळून बुकेल्वाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. बुकेल्वाने नजर खाली घातली.

"नोविनिले, काहीतरी बोल," लुलामा म्हणाली.

"मी काय बोलू?" नोविनिले म्हणाली. "हे माझं नाही, एवढंच मी सांगेन."

"तुझ्या घरात, तुझ्या कुलपाआड, आणि तुझं नाही?"

नोविनिले आणखी काही बोलली नाही. त्या संध्याकाळी तिचा ब्लाउज काढून घेतला गेला. तो चर्चच्या कपाटात पडून राहिला आणि पुढे उंदरांनी त्याची चाळण केली. सोहळ्याला बिअर बुकेल्वाच्या जावेच्या घरून आली आणि सगळ्यांनी ती वाहवा करत प्यायली.

त्यानंतर बुकेल्वा मला धुतच सुटली. बिअरचा वास माझ्यात शिरलाय, असं तिला वाटायचं. खरं तर बिअर केली तेव्हा मी खुंटीवर होतो! माझा रंग उडाला तो उन्हाने नव्हे, त्या धुण्याने. लोक तिला भली बाई म्हणायचे, मंडळाने तिला खजिनदारही केलं. ती एकटी असली की गुडघे टेकून रडायची, "देवा, मला क्षमा कर." मग डोळे पुसून उठायची आणि नोविनिलेच्या दारावरून न जाता लांबच्या वाटेने पाण्याला जायची. नोविनिले रविवारी चर्चमध्ये यायची, साध्या झग्यात, शेवटच्या बाकावर. गुरुवारी ती घरीच असायची.

एका हिवाळ्यात नोविनिलेच्या छातीत कफ दाटला आणि ती अंथरुणाला खिळली. लुलामा हळहळली, "बिचारी साध्या कपड्यात जाणार." ते ऐकून बुकेल्वा साखर, चहा आणि रॉकेल घेऊन तिच्याकडे गेली.

"ठेव तिथे," नोविनिले म्हणाली. "साखर चांगली आहे. पण तू काही साखर द्यायला आलेली नाहीस."

"सिसी, मी... तुला बरं नाही म्हणून..."

"मला बरं नाही ते दिसतंच आहे. जा, घरी जा. जीभ सापडली की ये."

आमच्याकडे थोरल्या बहिणीला सिसी म्हणतात. त्या रात्री बुकेल्वाने देवाकडे क्षमा मागितली नाही. धीर मागितला.

गुरुवारी भजन चालू असताना ती मधेच उभी राहिली. गाणं अडखळून थांबलं.

"ते पिंप माझं होतं," ती म्हणाली. "बिअर मी बनवली होती. चादर माझी होती. नोविनिलेला ते कळलं होतं, मी बोलेन म्हणून ती थांबली, आणि मी बोलले नाही."

लुलामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग रागही. "आणि इतकी वर्षं तू आमच्यासमोर प्रार्थना सांगत होतीस?"

"हो."

बुकेल्वाने तिथेच माझी बटणं सोडली. आतल्या विरलेल्या स्वेटरमध्ये ती थंडीत उभी होती. "माझा काढून घ्या. पण कपाटात टाकू नका. तिचा उरलेला नाही. हा तिला द्या."

मी लुलामाच्या हातांवर घडी होऊन नोविनिलेच्या घरी गेलो. बायका गात पुढे चालल्या होत्या, बुकेल्वा एकटी मागे. आत गेल्यावर ती पलंगापाशी जमिनीवर बसली.

"सिसी, मी सगळं सांगितलं. मला क्षमा कर."

नोविनिले उशीला टेकून उठून बसली. "तुझ्यावर फार राग होता मला," ती म्हणाली. "रोज सकाळी देवाला सांगायचे, आज तरी हिला बोलायची बुद्धी दे. मग चहा घ्यायचे. मग पुन्हा राग." तिने हात पुढे केला आणि बुकेल्वाच्या डोक्यावर ठेवला. "केली क्षमा. रडू नकोस. आणि एक सांगते, ती बिअर काय भयंकर होती गं! करपलेली. माझ्या हातची असती तर लुलामाला वास आवडला असता."

लुलामा हसू दाबायला गेली आणि खोकली. सगळ्यांनी मिळून मला नोविनिलेच्या अंगावर चढवलं. ती इतकी वाळली होती, की माझ्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"हिला किती दिवस मागे बसवणार?" नोविनिलेने विचारलं.

"नियम आहे सिसी. स्वतः कबूल केलं, म्हणून ईस्टरपर्यंत. मग नवा ब्लाउज."

"तो तिला कोण चढवणार?"

"मंडळातली कोणी एक बाई."

"मग मी ईस्टरपर्यंत मरत नाही," नोविनिले म्हणाली आणि तिने सूप मागितलं.

तिने शब्द पाळला. बुकेल्वा रोज तिच्याकडे लापशी करायला यायची आणि दोघी तिच्या करपवण्यावरून भांडायच्या. ईस्टरच्या सकाळी शेजाऱ्यांनी नोविनिलेला हातगाडीत बसवून चर्चमध्ये आणलं. मी तिच्या अंगावर होतो. सगळ्यांसमोर तिने बुकेल्वाला कोरा लाल ब्लाउज चढवला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की माझी कॉलर पार भिजून गेली. इस्त्रीची एवढी मेहनत वाया गेली, पण मला जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, एक दिवस मी नोविनिलेबरोबर मातीत जाईन, आणि मला त्याची भीती वाटत नाही. जाण्याआधी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्यामुळे कोणी मान खाली घालून बसलं असेल, तर देवाशी बोला, जरूर बोला, पण त्या माणसाकडेही जा. आजच जा. नोविनिले थांबली. सगळ्यांनाच थांबता येत नाही.