चौदाचं पान

“आधी श्वास सोड, पोरी. मग रिंग धर.”

सासऱ्यांचा तो आवाज किती वर्षांपूर्वीचा… आजही तिने श्वास सोडला आणि मगच पिस्टनची ती बारीक काळसर रिंग सिलिंडरच्या तोंडात ठेवली, उलट्या पिस्टनने हलकेच आत ढकलून सरळ केली, आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फट मोजायच्या गेजचं चौदाचं, म्हणजे चौदा हजारांश इंचाचं, पान घातलं. पान अंगाला अंग घासत सरकलं. सासऱ्यांचं माप. हे त्यांनी बांधलेलं शेवटचं इंजिन, आठ वर्षं कोपऱ्यात कापडाखाली राहिलेलं — त्यानंतर हात थरथरू लागले, नजर गढुळली, आणि दोन मुलगे समोर असताना कारखान्याच्या किल्ल्या त्यांनी सुनेच्या ओंजळीत ठेवल्या.

बाकावर डॉक्टरीणबाईंनी चढाला जोर मिळावा म्हणून आणलेला टर्बो होता. चढावरच्या दवाखान्यात रोगी नेता नेता त्यांच्या गाडीचं इंजिन संपलं होतं. दुसरं कोणतं घालायचं ते तुम्हीच ठरवा, एवढंच म्हणून त्या गेल्या होत्या. दिराच्या मनात नवं, हलकं इंजिन होतं. पण त्याचं कॉम्प्रेशन, आतला दाब, आधीच चढं. वर टर्बोने हवा कोंबली की इंधन अवेळी पेटून पिस्टनवर घण बसणार. सासऱ्यांचं हे जाड भिंतींचं, घडीव पिस्टनांचं, बेताच्या कॉम्प्रेशनचं. निवड सोपी होती… रिंगपर्यंत सोपी होती.

टर्बोच्या उष्णतेने रिंग जास्त फुलते. चौदाची फट मिटली, टोकाला टोक भिडलं, की पिस्टनचा काठच तुटायचा — तोही भर चढावर, मागे कोणीतरी स्ट्रेचरवर असताना. फट वीसची हवी. म्हणजे त्यांच्या मापाला कानस लावायची.

“झाकण बसलं की कोणाला दिसतंय, वहिनी?” दीर म्हणाला. “बाबांचं चौदा म्हणजे चौदाच. माझ्या लग्नात सदऱ्याची काजंसुद्धा गेजनं तपासली असती त्यांनी. सांगशील, आणि दोन दिवस जेवायचे नाहीत.”

ती हसली. खोटं नव्हतं ते. पण किल्ल्या घेताना तिने त्यांना शब्द दिला होता. ते म्हणाले होते — माझं काही उघडलंस, तर मला दाखवून मग पुढे जा. आठ वर्षांत तशी वेळच आली नाही. त्यांच्या हातचं काही परत आलंच नव्हतं.

समोर खिळ्याला एक रिंग लटकत होती. पहिल्याच दिवशी तिने वाजवीपेक्षा जास्त घासून वाया घालवलेली. ते रागावले नाहीत. ती तिथे अडकवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, ही आमच्या सूनबाईंची शाळेची फी. रोज काम सुरू करण्याआधी नेमाने हात जोडताना तिची नजर त्या रिंगवरच जायची… देवा, चुकायला जागा दिली यांनी मला. याहून कोणी कोणाला काय देतं?

आणि आता त्यांचं माप बदलायला आपण निघालो. त्यांना कमी लेखतोय का आपण? की त्यांनीच शिकवलेलं हे — आकडा नाही, इंजिन काय मागतंय ते ऐकायचं?

तिने रिंग, गेज आणि बारीक कानस स्वच्छ फडक्यात गुंडाळली. त्यांना दिसणार नाही, पण अंगठ्याच्या नखाला कळेल. कानस आधी त्यांच्याच हातात द्यायची. थरथरला तर आपला हात खाली धरायचा.

दिराने वाटेतलं स्टूल सरकवलं.

वर सासऱ्यांच्या खोलीकडे जाताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिच्या लक्षात आलं… श्वास केव्हाच सुटला होता.