एकदाच मिळणारी रजा

"गेली असं लिही," मी म्हटलं.

गार्लंडने टोपी काढून काउंटरवर ठेवली. "अजून गेली नाहीये, डॅफ्नी. डॉक्टर म्हणतात दोन दिवस, फार तर तीन."

"तेच सांगतेय. आजारी आईला भेटायला जायची रजा नाही. गेलेल्या आईची आहे. पाच दिवस, तिकिटासकट. 'आजारी' असा रकानाच नाही ह्या फॉर्मवर. बघ तूच."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. चष्मा वर करून, ओठ हलवत तो वाचत राहिला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, कॉर्नर ब्रूकच्या कागदगिरणीत बावीस वर्षं काढलेला. गिरणीतलं त्याचं यंत्र बंद झालं तेव्हा आमच्या बाजूची, पूर्वेच्या टोकाच्या बेटावरची, सगळी माणसं येतात तसा तोही इकडे फोर्ट मॅकमरीला आला, आणि खाणीवर कामगार पोहोचवायच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. एकवीस दिवस इथे, सात दिवस घरी. मधे अख्खा देश. कॉर्नर ब्रूकला बायको ल्युसिल आणि म्हातारी आई मर्टल, इथे एका तळघरातली भाड्याची खोली. घर कुठे, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "विमानतळावर."

एकवीस दिवसांची पाळी एकदा सुरू झाली की मधे सोडता येत नाही. सोडली तर यादीतून नाव जातं. सुटायची कारणं दोनच: स्वतःला अपघात किंवा घरात मृत्यू. गार्लंडची पाळी सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि त्याच्या आईला झटका आला होता.

"मी पोहोचायच्या आत गेली तर?"

"तर तू खोटं बोललास असं कुणाला म्हणता यायचं नाही."

"आणि गेलीच नाही तर?"

"गार्लंड, एक्याऐंशी वर्षांची आहे. डॉक्टर सांगतोय. उद्या सकाळी तिच्या उशाशी बसायचंय की शनिवारी पेटीपाशी उभं राहायचंय, एवढंच ठरव."

मग फॉर्म मीच भरला. नाव मर्टल पेनी, नातं आई, तारीख आजची. खाली खात्री करून घेणाऱ्याची सही लागते, ती मी केली. मी स्टीफनव्हिलची, त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरची. एकोणीस वर्षं ह्या डेपोत बसून गाड्या सोडते. शहाणपणा शिकवायची मला सवयच लागलेली आहे, आणि त्या दिवशीचा शहाणपणा मला फार आवडला होता, हे कबूल करते.

तो गेल्यावर रिवाजाप्रमाणे दुखवट्याचं कार्ड फिरलं. पांढरी लिली, आत सगळ्यांच्या सह्या. ड्रायव्हर लोक एरवी दोन ओळी धड लिहायचे नाहीत, पण आईचं नाव निघालं की प्रत्येकाला काहीतरी आठवतं. वॉलेस तर अर्धं पान घेऊन बसला. हा वॉलेस गार्लंडच्या गल्लीतलाच. लहानपणी मर्टलने त्याचे गुडघे धुऊन पट्ट्या बांधल्या होत्या, तेच लिहिलं त्याने. म्हातारी इस्पितळात श्वास घेतेय हे त्याला त्याच्या बहिणीने सकाळीच फोनवर सांगितलेलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, सही केली, आणि पेन पुढच्याला दिलं. आमच्या बाजूच्या बाकी सगळ्यांनीही तसंच केलं. आपलं माणूस घरी जातंय म्हटल्यावर आम्ही फार चौकशा करत नाही.

पण मर्टल मेली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, चहा मागितला, डब्यातलं दूध घातलेला, आणि लेकाला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "तू कसा इथे? तुझे तर अजून चौदा दिवस आहेत." स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती त्याचे दिवस खोडत असायची, तिला आजारातही पाठ होते.

त्याला खोटं सांगता येईना. त्याने सगळं सांगून टाकलं. म्हातारी अर्ध्याच तोंडाने हसली, कारण दुसरी बाजू हलत नव्हती.

"मला मारलंस होय रे? आणि फुलं? फुलं पाठवली का कुणी?"

"कार्ड काढलंय तिकडे सगळ्यांनी."

"मग आण की. बघू दे मला, कोण काय म्हणतंय."

पुढच्या खेपेला तो कार्ड घेऊन गेला. ल्युसिलने तिला चष्मा लावून दिला आणि तिने एकेक ओळ वाचली, हा कोण, तो कुणाचा, असं विचारत. वॉलेसचं अर्धं पान दोनदा वाचलं. मग ते उशाजवळच्या खिडकीत उभं करून ठेवायला लावलं. शेजारणी आल्या की दाखवायची. म्हणायची, "एवढं चांगलं कुणी तोंडावर बोलत नाही. मरावं लागतं त्यासाठी."

हे त्यानेच मला परत आल्यावर सांगितलं आणि आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना हसून हसून बेजार झालो. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आपण केलं ते बरं केलं असं वाटलं.

पण इथे फोर्ट मॅकमरीत गार्लंडला आई नव्हती. आमचा साहेब ब्रेंट, कॅल्गरीहून आलेला, कामापुरता भला माणूस. तो खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "सावरतोयस ना?" गार्लंड मान खाली घालून "हो" म्हणायचा. आणि मर्टल दर रविवारी रेडिओवरची प्रार्थना संपली की लेकाला फोन करायची. ड्रायव्हरांच्या खोलीत सगळ्यांदेखत स्क्रीनवर 'आई' असं उमटलं तर काय घ्या, म्हणून त्याने तिचं नाव बदलून 'दंतवैद्य' करून ठेवलं. रविवारी फोन वाजला की तो गालाला हात लावत उठायचा आणि रिकाम्या बसमध्ये जाऊन बसायचा. "एवढे दात कुणाचे दुखतात रे?" पोरं चेष्टा करायची. वॉलेस म्हणायचा, "अरे, जुनं दुखणं आहे ते."

एकदा मी विचारलं, "काय बोलता रे एवढं?"

"काही नाही गं. ती मला हवा सांगते. मी तिला इथली हवा सांगतो." मग म्हणाला, "फोन ठेवताना मला चोरी केल्यासारखं वाटतं, डॅफ्नी. तिच्याशी बोललो ते कुणाला सांगता येत नाही. ल्युसिलला म्हटलं तर ती म्हणते, आई आहे ना, झालं तर."

असे आठ महिने गेले. एकवीस आणि सात, एकवीस आणि सात. सातातले दोन दिवस प्रवासात जायचे. उरलेल्या पाचांत घराचं छप्पर, गाडीची कामं, ल्युसिलचे राग, आणि संध्याकाळी आईपाशी खुर्ची. निघायच्या दिवशी म्हातारी त्याला उशाशी घुटमळू द्यायची नाही. पलंगावरूनच म्हणायची, "जा, तुझी बस खोळंबलीय."

फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, तो परत येऊन दोनच दिवस झाले होते. चाव्या घ्यायला माझ्या काउंटरपाशी आला, फोन ठेवला आणि सही करायला वाकला. फोन थरथरला. आम्ही दोघांनीही वाचलं. दंतवैद्य.

मंगळवार होता.

त्याने उचलला. पलीकडे ल्युसिल होती, म्हातारीच्या फोनवरून. त्याने एवढंच म्हटलं, "कधी?" आणि मग, "नाही, एकटी नव्हती ना?" आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून त्याने सही पूर्ण केली.

"मी चाव्या दुसऱ्याला देते," मी म्हटलं. "तू बस."

"कशाबद्दल म्हणून सांगशील?"

मी संगणकाकडे वळले. गार्लंड पेनी. दुखवट्याची रजा. आई: घेतलेली. मे महिन्यातली तारीख, खाली माझी सही. आई ह्या नात्याला रकाना एकच, आणि तो भरलेला.

"सासू लिहू," मी हळूच म्हटलं. "ल्युसिलची आई."

"ती ठणठणीत आहे. आणि आता अंत्यविधीचा कागद मागतात ना? चर्चचा?"

मागत होते. ऑक्टोबरपासून मागायला लागले होते.

"मग आजारी पड."

"आजारी माणूस आपल्याकडच्या डिअर लेक विमानतळाच्या विमानात कसा बसेल? अर्धं विमान आपल्याच कामावरचं असतं." त्याने टोपी हातात फिरवली. "आणि जिवंतपणी आणखी कुणाला मारायचं नाही मला. एकदा केलं तेवढं पुरे."

"मग खरं सांगू या ब्रेंटला. दोघं जाऊ."

"मला काढतील."

"काढू देत."

"आणि तुला?"

माझी दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. नवरा गेल्यापासून ही नोकरी आणि हे घर, एवढंच माझं. तरी म्हटलं मी. "जा तू. माझं काय व्हायचं ते होईल." म्हटलं, पण माझ्याच कानाला ते कसं लागलं ते मला माहीत आहे. टेबलाची कड मी घट्ट धरून ठेवली होती, आणि त्याची नजर माझ्या हातांवर होती. तो अजून एकदा विचारेल, मग मी नीट म्हणेन, असं मला वाटलं. त्याने विचारलंच नाही.

"दोन वर्षं आहेत तुझी," तो म्हणाला. "आणि मी तिला बघितली की गं. पाच दिवस बघितली मेमध्ये, नंतर दर महिन्याला. तू लिहिलंस म्हणून." हे त्याने माझी समजूत घालायला म्हटलं. आई त्याची गेली होती आणि समजूत तो माझी घालत होता. तेव्हापासून आजपर्यंत मला त्याची लाज वाटते.

चाव्या उचलून तो निघाला. दारात थांबला. "ल्युसिल विचारत होती, खिडकीतल्या कार्डाचं काय करायचं."

"मग?"

"पेटीत तिच्याबरोबर ठेव म्हटलं."

अंत्यविधी शुक्रवारी दोन वाजता होता. तिथले दोन म्हणजे आमचे साडेदहा. तो साडेतीन तासांचा हिशेब आमच्या लोकांना कधी चुकत नाही, आयुष्यभर आम्ही घड्याळाकडे बघून तेवढं मिळवत असतो.

तीन दिवस तो कामावर येत राहिला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. ब्रेंटने एकदा म्हटलं, "आज गप्प गप्प?" तर म्हणाला, "झोप झाली नाही." आमच्या बाजूच्या ड्रायव्हरांना सगळं ठाऊक होतं. गावाकडून फोन आले होतेच. पण भेटायला जावं तर काय म्हणून, आणि कार्ड तर सगळ्यांनी मेमध्येच लिहून टाकलेलं. वॉलेस त्याच्या शेजारी चहाचा पेला ठेवून निघून जायचा, एवढंच.

शुक्रवारी सकाळी मी पडद्यासमोर बसले होते. शहरापासून खाणीपर्यंतचा उत्तरेचा रस्ता आणि त्यावर सरकणारे हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक बस. सकाळची माणसं उतरवून गाड्या रिकाम्या परत येत होत्या. बाहेर उणे एकतीस. गार्लंडचा ठिपका सतरा नंबरचा. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तो पुलाच्या अलीकडे होता. साडेदहाला थांबला.

गाडी विनाकारण रस्त्यात उभी राहिली की पडद्यावर लाल होते आणि मला रेडिओवर विचारावं लागतं. मी बटणावर बोट ठेवलं आणि न दाबता ठेवूनच बसले.

आमच्याकडे एक रीत आहे. रस्त्यावरून प्रेतयात्रेची गाडी येताना दिसली की समोरचा आपली गाडी कडेला घेऊन थांबतो. ओळखीचं असो नसो, घाई असो नसो, शेवटची गाडी जाईपर्यंत थांबतो. इथे कुणी थांबत नाही. गार्लंड इथे नवा असताना एकदा भर चौकात बस कडेला घेऊन थांबला होता, आतले कामगार वैतागले, ब्रेंटकडे तक्रार गेली. तेव्हा त्याला समज देणारं पत्रही मीच टाइप केलं होतं.

मग चोवीस नंबर लाल झाला. तो वॉलेस, चार किलोमीटर मागे. मग नऊ. मग एकतीस, तो तर समोरून येणारा. दोन मिनिटांत सहा ठिपके त्या रस्त्यावर लाल होऊन उभे. सहाही आमच्या बाजूचे. रेडिओवर कुणीही काही बोललं नाही.

ब्रेंट कॉफी घेऊन आत आला आणि पडद्यासमोर थांबला.

"हे काय? अपघात आहे का पुढे?"

"नाही."

"मग सगळे उभे का?"

"निघतील आता," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, तो आपल्या खोलीत गेला.

अकरा मिनिटांनी सतरा नंबर हिरवा झाला. मग बाकीचे, एकेक करून, त्याच्या पाठोपाठ.

थांब्याच्या नोंदीत कारण लिहावं लागतं. बर्फ, जनावर, बिघाड, असे ठरलेले शब्द आहेत. सहाही नोंदी मी उघडल्या. ह्या खेपेला मी खोटं काही लिहिलं नाही. लिहिलं, 'रस्ता दिला', आणि सहा वेळा खाली सही केली.