काचेच्या नळीतली सुई

ट्वायला स्टिडमला नवऱ्याच्या पिस्तुलातली सुई काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माहेरी रविवारी चर्चहून आलं की जेवणाच्या टेबलावर बंदुका पुसायचं काम तिचंच असे. गोळीच्या बुडावर आपटणारी ती बोटभर पोलादी सुई तिने काढली, बाकीचं होतं तसं जोडलं आणि पिस्तूल ओडेलच्या पट्ट्याला परत अडकवलं. सुई इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीतल्या तिच्या खणात, काचेच्या नळीत गेली. सवयीने तिने नळीवर तारीखही घातली.

ओडेलचं विसरणं सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ट्रक चालवायचा परवाना डॉक्टरांच्या एका कागदावर गेला. पिस्तुलासाठी तसा कागदच नव्हता. शेरीफच्या पोलीस कचेरीतला माणूस सभ्यपणे म्हणाला होता, "त्यांनी काही केलंय का? केलं की कळवा." मोठ्या बंदुका तिने भावाकडे पोचवल्या. पिस्तूलही एकदा लपवून पाहिलं होतं. ओडेल दिवसभर रिकामी कंबर चाचपत राहिला आणि घरात चोर शिरलेत म्हणून स्वयंपाकघरातला सुरा घेऊन दाराआड उभा राहिला. म्हणून सुई. कमरेला वजन असलं की तो शांत असायचा.

त्याच वसंतात राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. घरच्यांनी अर्ज केला तर न्यायाधीशाला एखाद्याची शस्त्रं काही महिने काढून घेता येतील, एवढंच त्यात होतं. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा भरली. ट्वायला विधेयकाच्या बाजूने दोन मिनिटं बोलली, कुणाचं नाव न घेता. सगळ्यांना ते ठाऊकच होतं. मग गार्लंड प्रॅट उठला. नेमबाजीच्या क्लबात नव्यांना शिकवणारा, ओडेलचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, हा हक्क सरकारने दिलेला नाही, तेव्हा सरकारला तो काढून घेता येणार नाही. आणि आजारी माणसाने कुठला गुन्हा केलाय? "आज त्याचं नेतील, उद्या माझं. आणि बायकोच्या सहीवर? मग या हॉलमध्ये उद्या एकाकडे तरी बंदूक उरेल का?"

हॉल हसला. ओडेल गार्लंडच्या शेजारीच बसला होता. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या त्याने वाजवल्या.

विधेयक पडलं. ट्वायलाला त्याचं फारसं वाटलं नाही. नळी खणात होती.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चारच्या सुमाराला ती कामावरून परतत होती. घराच्या वळणावर गार्लंडचा ट्रक समोरून आला. इथल्या रिवाजाप्रमाणे दोघांनी गाड्या खिडकीला खिडकी लावून थांबवल्या. ओडेलचा वाढदिवस म्हणून आपण त्याला क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर नेलं होतं, आत्ताच घरी सोडलं, गार्लंड सांगू लागला. चार वेळा चाप ओढला, पण बार उडेना. तिथली शिकाऊ पोरं फिदीफिदी हसली. ओडेलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उघडून बघतो तर सुईच नाही," गार्लंड म्हणाला. "ते तू केलंस. मी त्याला सांगितलं नाही. माझ्याकडे जादा होती, ती बसवून दिली. ट्वायला, माणसाला मेलेलं पिस्तूल घेऊन हिंडायला लावायचं? कुत्र्यालाही कुणी असं वागवत नाही."

"भरलेलं आहे?"

"रिकामं कोण बाळगतं?" म्हणत त्याने काच वर केली.

तिने गाडी अंगणात लावली. दाराला आतून कडी होती. तिने टकटक केली.

"कोण?"

"मी, ट्वायला."

 आतून पिस्तुलात गोळी पुढे सरकल्याचा आवाज आला. तो आवाज ती पाळण्यापासून ओळखत होती.

"ट्वायला कामावर असते," ओडेल म्हणाला. "चारला येते. तुम्ही पायरीवरून खाली उतरा, बाई."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती दारासमोरून बाजूला झाली, विटांच्या भिंतीलगत चालत गाडीपाशी आली आणि इंजिनाच्या आड खाली बसली. पत्र्यातून गोळी आरपार जाते, इंजिनातून जात नाही. मग तिने शेरीफच्या कचेरीला फोन लावला आणि सगळं क्रमाने सांगितलं.

"त्यांनी काही केलंय का?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली.